गुडघा त्याचा, चौकशी माझी

न्यू जर्सीतल्या २०२३ च्या पाडव्याच्या जेवणाला मेट्स या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाचा ३९ नंबरचा टी-शर्ट घालून येऊ नये, असं मंडळाच्या पत्रकात कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहायला हवं होतं.

माझ्या मागे मुलाकडे राहायला आलेले पुण्याचे एक काका. त्यांनी माझी पाठ मोठ्याने वाचली. "डीआझ! हा कोण?"

"आमचा क्लोजर, काका. शेवटच्या इनिंगला येतो, तिघांना बाद करतो, मॅच संपते."

"आधीच्या आठ इनिंग काय करतो?"

"राखीव बोलर बसतात तिथे, बुलपेनमध्ये बसतो."

"पगारी?"

पाच वर्षांचे १०२ मिलियन डॉलर, म्हटलं. काकांनी रांगेतच मोबाइल काढून ८२ ने गुणलं. "आठशे छत्तीस कोटी!" पुऱ्या तळणाऱ्या बाईंनीही वर पाहिलं. "अहो, आयपीएलमध्ये सॅम करन साडेअठरा कोटींत आला. तो बॅटिंगही करतो!"

मी चिडून सांगितलं, गेल्या मोसमात ६२ इनिंगमध्ये ११८ स्ट्राइकआउट केलेत त्याने, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद.

"बरं. मग यंदा?"

यंदा. १५ मार्च २०२३, मायामी, वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, म्हणजे देशादेशांच्या संघांची स्पर्धा. डीआझच्या पोर्तो रिकोने डॉमिनिकन रिपब्लिकला हरवलं आणि त्या आनंदात उड्या मारताना आमच्या एडविन डीआझच्या गुडघ्याचा टेंडन फाटला. मॅच संपल्यावर! आमचा मोसम पुढच्या गुरुवारी सुरू होणार होता, त्याचा संपलासुद्धा.

"अगं, यांचा बोलर नाचताना पडला," काकांनी मागे वळून काकूंना सांगितलं. ही बातमी माझ्याआधी श्रीखंडापर्यंत पोचली.

"नाचताना नाही हो, उड्या मारताना."

"तेच ते. पगार चालू?"

"तो विमा कंपनी भरते."

"मग तुमचं काय गेलं?"

आता यांना काय सांगायचं? विमा संघमालक स्टीव्ह कोहेनच्या पैशांना असतो, माझ्या सातव्या इनिंगला नसतो. क्लोजर गेला की नववी इनिंग कशीबशी निभावते. आठवीचा माणूस नववीला सरकतो, सातवीचा आठवीला, आणि सातवीला जो येतो त्याचं नाव आम्हालाच शोधावं लागतं. त्यात सुरुवातीला बॉल टाकणारे शर्झर तेव्हा ३८ चे, व्हर्लँडर ४० चे. त्या वर्षीचा लीगमधला सगळ्यात महागडा संघ, आणि ही माणसं पाच इनिंग टाकून दमली की पुढे सगळा भार बुलपेनवर. तिकिटाचे आणि पार्किंगचे पैसे मात्र पूर्ण नऊ इनिंगचे घेतात.

"मग आता शेवटी कोण?" काकांनी माझ्या झोपेचा प्रश्न विचारलाच.

"डेव्हिड रॉबर्टसन. ३७ वर्षांचा आहे, पण अनुभवी."

इतका वेळ फोनमध्ये असलेला काकांचा नातू एकदम बोलला, "आजोबा, तो मागच्या वर्षी आमच्या फिलाडेल्फियाच्या फिलीजमध्ये होता. आमच्या हार्परने होमरन मारला म्हणून उडी मारली आणि पोटरी दुखावली. पुढची सीरिज बाहेर!"

काकांनी ताट कडेला ठेवलं. "म्हणजे आनंदात पडला त्याच्या जागी आनंदात पडलेलाच आणलात? अहो, मग तुम्ही जिंकूच नका!"

नातू हसला. २०२२ च्या मोसमात आम्ही १०१ मॅच जिंकल्या, त्याच्या फिलीजनी ८७. पण मोसमानंतरच्या प्लेऑफमध्ये आम्ही पहिल्याच फेरीत आपल्याच मैदानावर सॅन डिएगोकडून हरलो, ते वर्ल्ड सीरिजपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंत गेले. त्यामुळे पोराला हसायचा हक्क आहे, असं बायको म्हणते. मला तसं वाटत नाही.