'मापात पाप' या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल क्षमस्व. पण 'वाफ्यात माती कमी भरून फसवलं, मापात पाप केलं' असं चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. गच्चीवर भाजीचे वाफे लावून द्यायचं आमचं काम तोंडी ओळखीवर चालतं. असा एक तारा दिसला की येणारे फोन थांबतात.

जूनमध्ये तुमच्या गच्चीवर 4 बाय 2 फुटांचे, फूटभर उंचीचे तीन वाफे लावले. तिन्ही काठोकाठ भरून दिले होते. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो तुम्हीच टाकलात. ऑगस्टमध्ये माती चार बोटं खाली गेली. ती जाणारच हो! तळाला उसाचं चिपाड आणि पालापाचोळा, वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत, लाल माती, थोडी निंबोळी पेंड. चिपाड कुजून खत होतं, तसा वाफा बसतो. नुसती माती ठासली असती तर एवढी बसली नसती, कबूल. पण भिजलेली माती घनफुटाला 50 किलोच्या आसपास भरते आणि एका वाफ्यात 8 घनफूट मावतात. म्हणजे 400 किलो, तेही एकाच वाफ्याचे. स्लॅब तुमचाच आहे ना?

दोन महिन्यांनी भर घालायची खेप मूळ कोटेशनमध्ये होती. घासाघीस करताना 'ते आम्ही बघू' म्हणून तुम्हीच ती कमी करायला लावलीत. ती खोडलेली ओळ आणि शेजारी तुमची सही, दोन्ही माझ्याकडे आहेत.

मेथी पिवळी पडली त्याचं म्हणाल, तर पूर्वेकडचा मोकळा कोपरा आम्ही सुचवला होता. कपड्यांच्या दोऱ्या आड येतात म्हणून वाफे टाकीच्या सावलीत गेले. शिवाय भर पावसात काका रोज पाइप धरतात. बोट खुपसून बघा, आत ओल असेल तर पाणी नको, असं सांगितलं तर म्हणाले, 'आम्ही शेतकऱ्याच्या घरचे.' वडीलधाऱ्यांना पुढे काय बोलणार?

असो, भांडण नको. गांडूळखताची एक गोणी पाठवतो, पैसे नकोत. माती बसण्याबद्दल गिऱ्हाइकाला आधीच सांगायची काहीतरी व्यवस्थाही करू. माणूस येईल तेव्हा लिफ्टचं तेवढं वॉचमनला सांगून ठेवा. मागच्या वेळी सगळा माल पोरांनी चार जिने चढून वर नेला, ते काही अभिप्रायात आलं नाही.