फ्लेक्सवर तीनच दिसतात

परवा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मला माझ्याच कार्यक्रमाला आत सोडेनात. राग अजून उतरलेला नाही.

आमचा बँड चौघांचा. आजवर आम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी आधी वाजवायचो, म्हणजे लोक खुर्च्या शोधत असताना. यंदा पहिल्यांदाच दौरा आमच्या नावावर निघाला. मी बेस गिटार वाजवतो. तिच्या पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते आणि वायरीचा जॅक खोचलेला राहिला की तुम्ही वाजवा न वाजवा, ती उतरत राहते. दुपारी साउंडचेक झाल्यावर "तू चहा घे, मी आवरतो" असं म्हणून आमच्या गायकाने, जो गिटारही वाजवतो आणि मुलाखतीही तोच देतो, माझा जॅक तसाच ठेवला. त्याच्या गिटारला बॅटरी लागत नाही. त्यामुळे असल्या क्षुल्लक गोष्टी त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

संध्याकाळी सात वाजता नऊ व्होल्टची बॅटरी शोधत मी बाजारपेठ पालथी घातली. किराणावाल्याने घड्याळाचे सेल दाखवले. मोबाइलवाल्याने चार्जर दाखवला. शेवटी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातल्या माणसाने स्वतःच्या मल्टिमीटरचं मागचं झाकण उघडून बॅटरी काढली, जिभेला लावली, डोळे मिचकावून "हाय, दम हाय" म्हणाला आणि तशीच ओली माझ्या हातावर ठेवली. पैसे नवीन बॅटरीचे घेतले.

ती खिशात घालून परत आलो तर गेटवर एक काका. छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला, गळ्यात शिट्टी.

"पास?"

"काका, प्रवेश विनामूल्य आहे ना?"

"विनामूल्यच हाय. पण पास लागतो."

"मी कलाकार आहे."

"कलाकार मागल्या दारानं."

"तिथे जनरेटर लावलाय, दार बंद आहे."

"मग झालं की. कलाकार आत गेल्याबिगर दार बंद करत्यात व्हय?"

यावर काय बोलणार? मी फ्लेक्सकडे बोट केलं. गेटच्या शेजारी बांबूंवर वीस बाय दहाचा फ्लेक्स ताणला होता. वरच्या रांगेत मान्यवर, मधे आयोजक हात जोडून, खाली शुभेच्छुकांचे चेहरे, त्यात एक वाढदिवसाचं बाळ गॉगल लावून. उजव्या कोपऱ्यात, उरलेल्या जागेत, आम्ही. भर मे महिन्यात उसनी काळी जाकिटं घालून काढलेला तो फोटो. आणि त्यातल्या चौथ्या माणसाच्या बरोबर तोंडावर फ्लेक्सवाल्याने पिवळाधमक तारा चिकटवला होता: 'प्रवेश विनामूल्य'. ताऱ्याच्या एका बाजूने गिटारीची मान बाहेर आलेली, दुसऱ्या बाजूने कोपर.

काकांनी चष्मा लावला आणि बोटाने मोजलं. "एक. दोन. तीन. तीनच हायती."

"चौथा मी. त्या पिवळ्या ताऱ्याच्या मागे."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग खुर्चीतून उठले, शांतपणे फ्लेक्सला वळसा घालून मागे गेले आणि टॉर्चचा झोत टाकून पाहून आले.

"मागं कुणी न्हाई."

"तसं नाही काका. छापताना माझ्या तोंडावर तारा आला."

"हे बघा पाव्हणं, बत्तीस वर्सं एसटीत कंडक्टर हुतो. पासावरचा फोटू पुसलाय म्हणणारं रोज चार भेटायचं. एकानं तर थोरल्या भावाचा पास दाखवून 'आजारपणात तोंड बारीक झालंय' म्हणून सांगितलं."

मी शेवटचा उपाय केला. फ्लेक्सजवळ गेलो, छापलेल्या कोपराशेजारी स्वतःचं कोपर धरलं आणि हवेत गिटार धरल्यासारखा उभा राहिलो. येणारे जाणारे थांबले. एका मुलाने मोबाइलवर फोटो काढला. काकांनी दोन्ही कोपरं नीट न्याहाळली.

"कोपर कुणाचंबी असतंय."

"बरं, वाद्य आत आहे. चला, दाखवतो."

"वाद्य आत आन् कलाकार भाईर? खिशात काय हाय?"

"बॅटरी."

"कशाला?"

"त्याशिवाय वाजत नाही."

काकांना आता खरोखर रस वाटू लागला होता. त्यांनी मला शेजारची खुर्ची दिली. आत सोडत नव्हते, पण पाहुणचारात कमी नव्हती. "काय वाजवता म्हणाला?"

"बेस गिटार. चार तारांची."

"आन् त्यो मधला, केसवाला?"

"तो साधी गिटार वाजवतो. सहा तारांची."

काकांनी तंबाखू मळता मळता हिशेब केला. "मग त्येच्याच सहातल्या चार त्येनं वाजवाव्यात की. दुसरा माणूस कशाला? गाडीतली एक शीट वाचली आस्ती."

संगीताच्या जाणकारांनी बेसबद्दल बरंच लिहून ठेवलं आहे. इतका थेट सवाल कुणी केल्याचं मला आठवत नाही. तेवढ्यात चहावाल्याचा पोऱ्या कागदी कपांचा ट्रे घेऊन धापा टाकत आला. "कलाकारांचा चहा." मी त्याच्या हातातला ट्रे घेतला आणि चालू लागलो. काकांनी शिट्टी वाजवून लोकांना बाजूला केलं आणि मागून ओरडले, "चहावाला हाय म्हणून आदी सांगायचं न्हाई व्हय!"

आत सत्कार चालू होते. मंडपवाल्याचा झाला, जागा देणाऱ्याचा झाला, गेल्या वर्षीच्या अध्यक्षांचा झाला, ते आले नव्हते म्हणून त्यांच्या जावयाचा झाला. मुख्य कलाकार असण्याचं सुख काय, तर तुम्ही सगळ्यात शेवटी येता. आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद होतो. वर्षातले फार तर १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते, पण ते गणपती-नवरात्रात जातात, आमच्या वाट्याला येत नाहीत. नियम योग्यच आहे, माझ्याही घरात म्हातारी माणसं आहेत. फक्त साडेनऊपर्यंत शाली वाटून "आता वेळेचं भान ठेवून" असं निवेदक आम्हाला का सांगतो? दुसऱ्यांच्या आधी वाजवायचो तेव्हा निदान ठरलेली सगळी गाणी व्हायची.

ओळख करून देताना निवेदकाने गायकाचं नाव घेतलं, त्याच्या शाळेचं नाव घेतलं, "आणि साथीदार" म्हणाला. मल्टिमीटरची बॅटरी बसवून मी साथ करायला लागलो. अर्थिंग नव्हतं. साउंडवाल्याला दुपारीच सांगितलं होतं, तर त्याने मंडपामागे सळई ठोकून वर मीठ-पाणी ओतल्याचं अभिमानाने दाखवलं. पहिल्याच ओळीला गायकाचे ओठ माइकला लागले, बोटं गिटारीच्या तारांवर होती, आणि त्याला असा झटका बसला की तान आपोआप गेली. टाळ्या पडल्या. मग माइकला स्पंज घातला. माझ्या जॅकची आठवण ठेवून मी मुळीच हळहळलो नाही.

तिसरं गाणं संपताना पोलीसदादा स्टेजच्या कडेला येऊन मनगटाकडे बोट दाखवू लागले.

आमच्या तक्रारींवर ड्रमरचं एक ठरलेलं उत्तर असतं. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर कार्यक्रम चालू असताना आत जाऊन बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर आल्या असं सांगतात, तेव्हा तुम्ही कंबरदुखी सांगू नका. रात्री मंगल कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत, कुठल्या कुठल्या नवरीमुलींनी आरशावर चिकटवून ठेवलेल्या टिकल्यांसमोर दात घासताना त्याने ते पुन्हा ऐकवलं. विठाबाईंपुढे मी हात जोडतो. पण नारायणगावचीच दुसरी गोष्ट तो सांगत नाही. पाडव्याच्या आधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेची तारीख घेऊन येतात, सुपारी ठरते, इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, मोजून घेतला की मगच तारीख वहीत चढते. आम्ही शिकलेली माणसं, आम्ही व्हॉट्सॅपवर आलेला अंगठा घेऊन गाडी काढतो. पेठ नाक्याला वळेपर्यंत खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे असे तीन टोल. डिझेल वेगळं. त्या दिवशी मंडपवाल्याला आगाऊ पैसे मिळाले होते. साउंडवाल्याला, जनरेटरवाल्याला, शालीवाल्याला, फ्लेक्सवाल्यालाही. तारा चिकटवल्याचे त्याने वेगळे लावले नसतील एवढीच आशा. उधारीवर आलेले तिथे आम्ही चौघंच होतो, आणि "तुम्हाला इकडं प्रसिद्धी मिळाली की" हेही आम्हालाच ऐकवलं गेलं. कुणाला मिळाली? मी तर चहावाला म्हणून आत गेलो.

खजिनदारांनी पाकीट दिलं ते ठरल्याच्या निम्मं. "तीनच गाणी झाली ना," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. आम्ही दहाचा नियम सांगितला, सत्कार मोजून दाखवले, त्या तिन्ही गाण्यांसाठी टोल पूर्णच भरलाय हेही सांगितलं. मग "उरलेले सोमवारी धाडतो" असं ठरलं. सोमवार होऊन गेला. फोन केला की घरचं कुणीतरी उचलतं आणि सांगतं की ते सत्काराला गेलेत.