पुस्तक संपवायची घाई कशाला?

दीड-दोन वर्षांचं मूल 'पुस्तकाला बसतच नाही' ही तक्रार सतत ऐकू येते. बहुतेक वेळा दोष मुलाचा नसतो, आपल्या वाचण्याचा असतो. आपण ओळीमागून ओळी वाचत सुटतो आणि त्याने हाताची घडी घालून ऐकावं असं धरून चालतो. या वयात मजकूर पूर्ण करायचाच नसतो, चित्रांवर गप्पा मारायच्या असतात.

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हे तपासून पाहिलं. पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांचे दोन गट, दोन्ही गटांत घरी साधारण सारखंच वाचन. एका गटातल्या पालकांना फक्त प्रश्न विचारायची आणि उत्तर वाढवायची रीत शिकवली होती. चारच आठवड्यांत त्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेली.

रीत अगदी साधी आहे. कुत्र्याच्या चित्रावर बोट ठेवा, विचारा, "हे कोण?" आणि थांबा. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. गाडी इथेच अडते, कारण दुसऱ्या सेकंदालाच आपण स्वतः उत्तर देऊन टाकतो. मुलाला शब्द आठवून जिभेवर आणायला वेळ लागतो. ते "भू भू" म्हणालं की, "हो, भू भू! काळा भू भू पळतोय." त्याच्या शब्दात एक-दोनच शब्द घाला, अख्खं वाक्य लादू नका. मग "काळा भू भू" त्याला म्हणू द्या. म्हणालं नाही तरी चालेल, पान उलटा.

मात्र प्रत्येक पानावर "हे काय? ते काय?" सुरू झालं की ती परीक्षा होते, आणि मुलाला ते लगेच कळतं. एक प्रश्न, मग दोन-तीन वाक्यं नुसती आपली. चुकलं तर "नाही" म्हणू नका. गाईला "भू भू" म्हणालं तर "ही गाय, हम्मा करते" एवढं पुरे.

वर्षाच्या मुलाला "माऊ कुठंय?" विचारा, ते बोटाने दाखवेल. दोन वर्षांच्याला "माऊ काय करतेय?" तिसऱ्या वर्षाकडे "आता काय होईल?", "तू पण असा पडला होतास ना?"

तेच पुस्तक शंभरदा मागितलं तर कंटाळा दाखवू नका. तीन वर्षांच्या मुलांवरच्या २०११ सालच्या एका अभ्यासात, वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्यांनी नवे शब्द जास्त पकडले. पाठ झालेल्या ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबा, तो मूलच भरेल.

पुस्तकं जाड पुठ्ठ्याची, पानावर एक-दोन ठळक चित्रं. बटण दाबून आवाज करणारी शक्यतो टाळा, त्यात मूल बटणातच अडकतं आणि बोलणं मागे पडतं. चावलं, उलटं धरलं, चार पानं एकदम उलटली तरी चालेल. त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर पाच-सहाच पुस्तकं, मुखपृष्ठ समोर करून ठेवा, दर आठवड्याला दोन बदला.

एका वेळी पाच मिनिटं भरपूर झाली. उठून गेलं तर जाऊ द्या, ओढून बसवू नका. झोपताना मात्र प्रश्न नकोत, त्याने झोप उडते, तेव्हा नुसतं संथ वाचा. आणि घरात कुणाला अक्षरओळख नसेल तरी त्यांनी खुशाल पुस्तक घेऊन बसावं, चित्रं तर त्यांनाही दिसतात.