समोरच्या विंगचा वसंत

ठाण्यात वसंत ऋतू दिवाळीच्या फराळासोबतच करायला घ्यावा लागतो. पंचांगात तो चैत्र-वैशाखात येतो, येऊ दे बापडा. चैत्रात आमच्याकडे फुलतं ते घामोळं. बियांच्या पाकिटांवर झळकणाऱ्या पेटुनिया, पॅन्सी, डायंथस, फ्लॉक्स या मंडळींना थंडी लागते. आणि आपली थंडी केवढी? जानेवारीत पहाटे पारा 16-17 अंशांवर उतरतो, लोक डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे स्वेटर घालून तलावपाळीला एक चक्कर मारून येतात, संपली थंडी. तेवढ्या मुदतीत फुलं हवी असतील, तर ऑक्टोबर हीटमध्ये, मानेवरून घाम निथळत असताना बी पेरायचं.

घरात मी विषय काढला तेव्हा हे म्हणाले, "लाव ना, त्यात काय." आमच्या घरी 'त्यात काय' असं तोच म्हणतो, ज्याला ते काम करायचं नसतं.

सासूबाई संगमेश्वरच्या. झाड लावावं लागतं हेच त्यांना पटत नाही. "आमच्याकडे भांड्यांचं पाणी जाईल तिथे कर्दळ उगवायची. लावलीय कोणी?"

सुरुवात कोकोपीटपासून झाली. नुसती लाल माती भरली तर कुंडी उचलताना कंबर जाते, म्हणून तिच्यात कोकोपीट मिसळायचं; वजनाला हलकं आणि ओल धरून ठेवणारं. त्याची 5 किलोची दाबलेली वीट मिळते आणि ती भिजली की 70-75 लिटर होते. मी कोपरा फोडून तेवढाच भिजवणार होते. "अर्धवट कामं करू नकोस, एकदाच काय ते भिजव," असा हॉलमधून सल्ला आला आणि अख्खी वीट बाथरूममधल्या टबात गेली. टब भरला. मग बादली भरली. मग कपडे भिजवायचं घमेलं भरलं. तो भुसा करकर असा बारीक आवाज करत फुगतच होता, आणि सल्लागार टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे. "मी अंघोळ कुठे करायची?"

सासूबाई काठी टेकत आल्या, चिमूटभर भुसा उचलून त्यांनी हुंगला. "हा नारळाच्या सोडणाचा भुसा ना गं? पैसे देऊन आणलास? आम्ही सोडणं बंबात घालून अंघोळीचं पाणी तापवायचो. इथे त्याच्यापायी अंघोळच राहिली."

पेटुनियाचं बी कोणी पाहिलं नसेल तर सांगते, ते दिसत नाही. एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया बसतात. उगवायला उजेड लागतो, म्हणून वर माती घालायची नाही. बारीक वाळूत मिसळून नुसतं भुरभुरायचं आणि श्वास रोखून धरायचा. मी श्वास रोखला होता. हे "केवढं उकडतंय" म्हणत आले आणि त्यांनी पंखा लावला. पेटुनिया कुठे कुठे गेल्या ते पुढे महिनाभर समजत राहिलं. एक रोप तुळशीच्या कुंडीत निघालं आणि सगळ्यांत जोमदार तेच झालं. तुळशीमाईने वाढवलं म्हटल्यावर त्याला हात लावायची सोय उरली नाही.

पॅन्सीची कथा निराळी. तिला उगवायला विशीच्या आतबाहेरचं तापमान हवं. ऑक्टोबरात ठाण्यात एवढा थंड कोपरा फ्रीजखेरीज कुठे असणार? काही दिवस बी फ्रीजमध्ये ठेवून मग पेरायचं, अशी युक्ती अनुभवी लोक करतात. मी पुडी बांधली, वर 'फुलं' असं लिहिलं आणि ती भाजीच्या कप्प्यात ठेवली. आता मराठी घरात फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यातली 'फुलं' लिहिलेली पुडी कशाची असते? सकाळी सासूबाईंनी सवयीने ती देवघरात नेली, श्लोक म्हणत सोडली आणि बाळकृष्णाच्या डोक्यावर उपडी केली. मी पोचले तेव्हा देवाच्या मुकुटात, बाहीत आणि लोण्याच्या हातात पॅन्सी पेरलेली होती. "किती वाळलेली फुलं आणतेस गं," एवढंच त्या म्हणाल्या. निर्माल्यातून एकेक बी वेचायला मी बसले नाही, देवाचं देवाला.

मग सरळ घोडबंदर रोडच्या नर्सऱ्या गाठल्या. एक चांगली भरगच्च फुललेली पेटुनिया निवडली, पैसे दिले. नर्सरीवाल्याने ती हातात घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत अंगठ्याच्या नखाने शेंडे खुडून टाकले, फुलांसकट, कळ्यांसकट. माझ्या हातात पिशवीभर हिरवी पानं आली. "अब फुटेगा," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. शेंडा खुडला की झाड बाजूने फांद्या काढतं आणि दाट होतं. पण मी पैसे फुलांचे दिले होते. "कितने दिन चलेगा?" विचारलं. "सीझनल है मैडम, मार्च तक." "उसके बाद?" "उसके बाद दूसरा लेना." गीता इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितली नव्हती.

आमची गॅलरी दक्षिणेला. घर घेताना नातेवाईक गॅलरीपाशी येऊन "दक्षिण आहे वाटतं" म्हणायचे आणि पुढचं बोलणं चहाबरोबर गिळायचे. त्या सगळ्यांना मला डिसेंबरात बोलवायचं आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास ठाण्यात सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर चढतो, त्यामुळे ऊन गॅलरीतून तिरपं आत शिरून थेट टीव्हीपर्यंत येतं. पेटुनियाला पाच-सहा तास ऊन लागतं. ते आमच्याकडे भरपूर. प्रश्न एवढाच की तेच ऊन यांच्या जीन पँटलाही लागतं. सकाळी मी कुंड्या पुढे ओढते, दुपारी कपड्यांचा स्टँड पुढे येतो, आणि संध्याकाळी पँटीला पराग आणि फुलांवर निळीचे थेंब.

पाणी घालणं हा तर राजकीय प्रश्न. कुंडीखाली ताटली नसली, तर लाल पाणी थेट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीवर. काकू भांडत नाहीत. ती चादर तशीच घडी घालून वर आणतात, उलगडून दाखवतात आणि जातात. ताटली ठेवली, तर तिच्यात डेंग्यूचा डास. त्याला स्वच्छ साठलेलंच पाणी आवडतं आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून टॉर्च घेऊन तपासायला येणारी मंडळी पहिली नजर ताटलीवर टाकतात. मग आठवड्याला सगळ्या ताटल्या उपसायच्या, आणि हे सगळं काकूंचे कपडे दोरीवर चढायच्या आत. पहाटे गॅलरीत उकिडवं बसून, आवाज न करता, वाटीने पाणी उपसणारी बाई कोणाला दिसली तर ती चोर नाही, तिला फुलांची आवड आहे.

तेवढ्यात कबुतरांनी डायंथसची कुंडी पसंत केली. काटक्या चार, अंडी दोन. अंडी उबायला सतरा-अठरा दिवस आणि पिल्लं उडायला त्याच्यावर महिना. तेवढा काळ त्या कुंडीला पाणी नाही, कारण "बाळंतिणीच्या अंगावर पाणी ओततेस?" असा सासूबाईंचा सवाल. डायंथस गेला. पिल्लं उडाली त्याच दिवशी मी जाळीवाल्याला बोलावलं.

आणि जाळी बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की झाडांनी मला पाठ दाखवली आहे. उजेड बाहेर, म्हणून पेटुनियाच्या फांद्या जाळीच्या भोकांतून बाहेर पडल्या आणि झकास खाली लोंबल्या. फुलं सगळी बाहेर. आत माझ्या वाट्याला देठ, खालची पिवळी पानं आणि फुलांचे मागचे हिरवे दांडे. सुकलेलं फूल वेळेवर खुडावं लागतं, नाहीतर त्यात बी धरतं आणि झाड नवीन फुलांचा नाद सोडतं. पण जाळीच्या भोकातून माझी दोनच बोटं बाहेर जातात, मनगट अडतं. त्यात पेटुनियाची पानं चिकट. पाच मिनिटांत बोटांना गूळ लागल्यागत होतं आणि फोन अंगठा ओळखायचं बंद करतो. समोरच्या बी विंगमधली पोरं गॅलरीत येऊन बघायची. त्यांना फक्त फुलांच्या गुच्छातून बाहेर येणारी, चाचपडणारी दोन बोटं दिसायची. माझं नाव 'बोटवाल्या काकू' पडलंय हे मला लिफ्टमध्ये कळलं.

माझी फुलं समोरून कशी दिसतात हे मी पहिल्यांदा पाहिलं ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी 'सुप्रभात' टाकलं होतं. मागे गुलाबी-जांभळा धबधबा, वर 'आयुष्य फुलासारखं जगा'. मी ते झूम करून बघितलं, तर कोपऱ्यात यांची बनियन वाळत होती. माझ्याच कुंड्या! ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले होते. काहींनी विचारलंही, कुठली बाग आहे ही, उटी का?

सेक्रेटरी बी विंगचेच. ते सहकुटुंब माझा वसंत चहाबरोबर बघत होते, त्यामुळे गेटजवळचा वाफा मलाच मिळाला. "वहिनी, 26 जानेवारीला झेंडावंदन आहे. तिरंगा करू या फुलांचा. त्यात काय."

वाफा खणायला घेतला आणि कळलं की बिल्डरने माती म्हणून काय पुरलं होतं. वीतभर खाली गेलं की डेब्रिज: अर्ध्या टाइल्स, सिमेंटच्या गोणीचा तुकडा, एक नळ, आणि तीन क्रिकेट बॉल, ज्यांवरून दोन मजल्यांचं बोलणं बंद होतं. ते उपसून लाल माती, शेणखत, निंबोळी पेंड घातली. कमिटीत एकाने मुद्दा काढला की शेणखत हे 'दुरुस्ती व देखभाल' मध्ये टाकायचं की 'सांस्कृतिक' मध्ये. त्यावर बराच वेळ गेला. वर झेंडू, मध्ये पांढरी पेटुनिया, खाली हिरवी नुसती पानं, असं ठरलं.

झेंडू टपोरा आला आणि चार दिवसांत संपला. पहाटे फिरायला जाणाऱ्या आज्यांकडे प्लॅस्टिकची पिशवी असते आणि छत्री असते. पाऊस नसतानाची ही छत्री फांदी वाकवण्यासाठी. मी दबा धरून उभी राहिले. एक आजी आल्या, उरलेला झेंडू शांतपणे पिशवीत टाकला, मग पेटुनियापाशी थबकल्या. मला पाहून दचकणं वगैरे काही नाही. उलट विचारलं, "ही देवाला चालतात का गं?"

"माहीत नाही हो आजी."

त्यांनी एक फूल चिमटीत धरलं, वास घेतला, बोटं पदराला पुसली. "वास नाही, आणि चिकट. नको." आणि गेल्या. मला तत्क्षणी साक्षात्कार झाला. ठाण्यात फूल टिकवायचं असेल तर कुंपण नको, वॉचमन नको. देवाला चालणार नाही असं फूल लावावं.

म्हणून झेंडूच्या जागी केशरी गझानिया आणली. रंग फक्कड, देवाशी ओळख नाही, एकही फूल चोरीला गेलं नाही. 26 जानेवारीला सकाळी आठला सगळे इस्त्रीच्या कपड्यांत जमले. राष्ट्रगीत झालं. सेक्रेटरींनी अभिमानाने वाफ्याकडे हात केला, आणि झेंड्याचा वरचा पट्टा मिटलेला. गझानिया रात्री मिटते आणि ऊन अंगावर आल्याशिवाय उघडत नाही; गेटजवळ ऊन येतं साडेदहाला, ए विंगची सावली सरकल्यावर. "वहिनी, केशरी कुठे आहे?" "झोपलाय," मी म्हटलं. साडेदहाला तो असा काही फुलला की बघत राहावं. बघायला वॉचमन होता आणि जिलबीचा रिकामा खोका.

होळीनंतर नर्सरीवाल्याचा शब्द खरा होऊ लागला. फांद्या लांबल्या, फुलं आखडली, पानांवर माव्याची कीड धरली. एका संध्याकाळी मी कात्री घेऊन जाळीपाशी बसले होते तर समोरच्या काकूंचा फोन. बी विंग, चौथा मजला, बरोबर समोर.

"अगं, काढतेयस का? दिसलं म्हणून फोन केला. रविवारपर्यंत राहू दे ना. आमच्या मुलीला बघायला येतायत, गॅलरीतच बसवणार आहोत."

"बरं, राहू देते."

"आणि पुढच्या वर्षी पांढरी कमी कर बाई. लांबून नीट कळत नाहीत. जांभळी वाढव."

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "जांभळी-बिंभळी काही नाही. आता मी मोगरा लावणारे. चैत्रात फुलेल, देवाला चालेल, आणि फुलं कुठे का असेनात, वास तरी आमच्या घरात येईल."

पलीकडे क्षणभर शांतता. मग काकूंनी विचारलं, "उन्हाळ्यात वारा कुठून असतो हो?"

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "वायव्येकडून. म्हणजे आपल्याकडून त्यांच्याकडे."