विकलं म्हणजे चोरलं, हे कुणी सांगितलं?

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, मी ते लिब्रेऑफिसच्या भाषांतराचं काम सोडून राहिलो. आणि एक विचारू? तुम्ही पण मग चोरीच करून राहिले का?"

त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या सीताबर्डीच्या माझ्या दुकानात दोन गिऱ्हाइकांनी तोच दाखवला. त्याचं म्हणणं असं: ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर स्वयंसेवक फुकटात बनवतात आणि त्यातलंच लिब्रेऑफिस ॲपलच्या स्टोअरवर 8.99 युरोंना विकलं जातं. असं विकणं बेकायदेशीर आहे. एकदा पाठवलेल्या कामाची मालकी कंपनीकडे जाते. राबतात फुकटे, खातात कंपन्या. म्हणून पोट्टेहो, दिलेलं काम परत काढून घ्या.

वकिलांच्या ऑफिसांत आणि शाळांत विंडोजऐवजी लिनक्स, वर्डऐवजी लिब्रेऑफिस बसवून द्यायचं, जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या, बिघडलं की धावायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, यावर माझं घर 12 वर्षं चाललं आहे. म्हणून हा मेसेज वाचून नुसता डिलीट करणं मला जमलं नाही.

'बेकायदेशीर' हा शब्द तर निव्वळ थाप आहे. मुक्त म्हणजे मोफत नव्हे, एवढं मराठी तरी लिहिणाऱ्याला यायला हवं होतं. ओपन सोर्स कशाला म्हणायचं, याची व्याख्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था 1998 पासून सांभाळते आहे. त्या व्याख्येच्या सहाव्या कलमानुसार सॉफ्टवेअर धंद्यात वापरायला परवाना मनाई करू शकत नाही. मनाई केली तर ते ओपन सोर्स उरतच नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन 1985 मध्ये स्वतःच्या ईमॅक्स या एडिटरची टेप 150 डॉलरला विकत होते. आणि ते 8.99 युरो? सप्टेंबर 2022 पासून ॲपलच्या स्टोअरवर लिब्रेऑफिस विकते ती द डॉक्युमेंट फाउंडेशन, म्हणजे ना-नफा तत्त्वावर चालणारी त्या प्रकल्पाचीच संस्था. पैसा प्रकल्पाच्या कामाला जातो. तेच सॉफ्टवेअर त्यांच्या संकेतस्थळावरून आजही एक रुपया न देता उतरवता येतं. मेसेजमध्ये यातली एकही ओळ नाही.

पण पोरांना खरं घाबरवलं ते मालकीच्या मुद्द्याने. भाचा म्हणाला, "माझं नावच राहणार नाही ना त्याच्यावर." हे ऐकून मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं परीक्षा सांभाळून, रात्री बसून या पोराने मेनूतल्या एकेका शब्दाला मराठी शब्द शोधला आहे.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 बघा. लेखी करार आणि त्यावर मालकाची सही असल्याशिवाय कॉपीराइट दुसऱ्याच्या नावावर जात नाही. लिब्रेऑफिस अशी सही मागतच नाही. तिथे तुम्ही एवढंच लिहून देता की माझं काम प्रकल्पाच्या परवान्याखाली वापरा. तो मोझिला परवाना वापराचा हक्क देतो, पण एकट्याला नाही, सगळ्यांना. मालकी लिहिणाऱ्याकडेच राहते. आपल्या विहिरीवर गावाला पाणी भरू दिलं म्हणून सातबारा गावाच्या नावावर होत नाही.

आता यातलं अर्धं खरं. काही कंपन्या काम घेण्याआधी वेगळा करार करून घेतात आणि त्यात पुढे परवाना बदलण्याचा हक्क स्वतःकडे ठेवतात. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट 2023 मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या सॉफ्टवेअरचा मोकळा परवाना बदलून बंधनं घातली, तेव्हा बाहेरच्यांनी आधी दिलेलं कामही त्यात होतं. लोक चिडले आणि जुन्या मोकळ्या प्रतीवरून त्यांनी ओपनटोफू उभं केलं. तेव्हा करार समोर आला तर वाचा, नाही पटला तर सही करू नका. मेसेजने एवढंच सांगितलं असतं तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

'राबतात फुकटे' हेही सरसकट खरं नाही. लिनक्सच्या कर्नेलवरचं, म्हणजे गाभ्यावरचं, 80 टक्क्यांहून अधिक काम पगारी माणसं करतात. मात्र 2014 मध्ये हार्टब्लीड नावाची सुरक्षेतली मोठी चूक ओपनएसएसएलमध्ये सापडली, तेव्हा इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या आणि अर्ध्या जगाचे व्यवहार ज्यावर चालतात त्या या सॉफ्टवेअरला वर्षाला जेमतेम 2000 डॉलर देणगी मिळत होती, हे मी नाकारणार नाही. लाजिरवाणंच आहे ते. पण विक्री आणि सेवा बंद पाडून तो पैसा येणार आहे का? झिरोधा या शेअर दलाली कंपनीने 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी सुरू केला. मागणी करायची तर अशी करा.

राहिलं 'काम काढून घ्या'. वाटून झालेल्या प्रती परत येत नसतात. भाच्याने उद्या मराठी शब्द काढले, तर तिथले मेनू इंग्रजीत दिसतील, बस. युरोपात 8.99 युरो भरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. तो लागेल सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकाला. त्या ताई मराठीच वाचतात, आणि 'जतन करा' हे बटण बघूनच दिवसभर प्रतिज्ञापत्रं टाइप करतात.

भाच्याला मी रविवारी दुकानात बोलावलं आहे. त्या ताईंशेजारी त्याला तासभर बसवणार आहे.