पुराच्या आदल्या दिवशीचा फोन

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक काही दिवस ठप्प झाली. आमची छोटी फाउंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, तिथल्याच एमआयडीसीत. माल तयार होता, पण गाडी न्यायची कुठून?

पाणी चढताना पाहून आदल्या दिवशीच मी पुण्याच्या ग्राहकाला फोन केला होता. "साहेब, आठवडाभर आमच्या मालावर विसंबू नका." त्यांनी आपल्या उत्पादन लाइनवर दुसरं मॉडेल आधी घेतलं. वर, मुदत व्हायची होती ते आमचं बिलही त्याच आठवड्यात भरलं. पगार त्यातून झाले.

हा फोन करायचं धाडस मला झालं ते आधीच्या पावसाळ्यामुळे. तेव्हा दमट कोअरमुळे (ओतीव भागात पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या साच्यामुळे) हौसिंग या भागात ब्लोहोल, म्हणजे वायूची छिद्रं, आली होती आणि हे कळेपर्यंत मालाची गाडी निघून गेली होती. वरून कास्टिंग (ओतीव भाग) ठणठणीत. दोष उघडा पडणार मशिनिंग झाल्यावर. सांगावं की गप्प बसावं, या विचारात रात्र गेली. सकाळी याच ग्राहकाला सांगून टाकलं. माल परत आला, पण त्यांचा क्वालिटीचा माणूसही आला. दोन दिवस आमच्या कोअर शॉपमध्ये उभा राहून त्याने कोअर सुकवायचं ओव्हन आणि वायू बाहेर जायचे व्हेंट तपासून घेतले. डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून कपातीची चिठ्ठी, आली ती फक्त गाडीभाड्याची.

दुसऱ्या एका ग्राहकाला असंच खरं सांगितलं, तर चार महिन्यांनी, काही न विचारता, लाइन थांबल्याचा सगळा खर्च बिलातून कापला. त्यांना आजही काही सांगायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते. हे चूक आहे, मला कळतं.

कायदा आमच्या बाजूने आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आता तर मुदतीत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष दिल्याशिवाय, आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. तरी मला एका खरेदी अधिकाऱ्याने विचारलंच, "उद्यम नोंदणी रद्द करता का? ऑर्डर वाढवतो." म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणीच सोडा, की या कायद्याचं संरक्षणही गेलं. व्याज मागायला गेलं तर पुढची ऑर्डर जाते, या भीतीने आम्ही कायद्याचं नावही काढत नाही.

खरेदी विभागातल्या मित्रांनो, दर घासाघीस करून घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण आमचा अडचणीचा फोन आला की आधी "किती दिवस लागतील?" एवढं विचारा, डेबिटचं नंतर बोलू. आणि 45 वा दिवस उलटू देऊ नका. पिग आयर्नवाला (कच्चं लोखंड देणारा) आणि वीजबिल आमच्यासाठी थांबत नाहीत.