बर्फाचं मॉडेल म्हणजे काय रेडिओ आहे का नॉब पिळायला?

एक पोस्ट सध्या फिरतीये, मला तीन ग्रुपवरून आली. म्हणणं असं की अंटार्क्टिका-ग्रीनलंडच्या बर्फाचं पुढे काय होईल ते काढणारी कॉम्प्युटर मॉडेलं म्हणजे शंभर नॉबवाला रेडिओ, शास्त्रज्ञ हवं ते स्टेशन लागेपर्यंत पिळत बसतात, आणि कुठला नॉब किती महत्त्वाचा ते बघायला सुपरकॉम्प्युटर आहेच, एकेक हलवून परत रन मारा (म्हणजे मॉडेल पुन्हा चालवा), प्रोसेसरचे कोअर वाढवले की काम झालं. वर शेवटी, समुद्र सगळीकडे सारखाच वाढणार मग एवढं गणित कशाला.

नॉब शंभर नाहीत हो. बर्फाच्या तळाचं घर्षण मेशच्या, म्हणजे मॉडेलच्या जाळीच्या, दर बिंदूला वेगळं, मोठ्या मॉडेलात सहज लाखभर आकडे, हाताने कोण पिळणार? वर दोन-तीन किलोमीटर बर्फ असल्यामुळे ते थेट मोजता येत नाही, एवढं मात्र पोस्टच्या बाजूने जातं. म्हणून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हिमशास्त्रज्ञ डग्लस मॅकएयल यांनी उलटा रस्ता धरला: वरच्या बर्फाचा वेग मोजलेला असतो, मॉडेलचा वेग त्याच्याशी जुळेपर्यंत घर्षण बदलत न्यायचं, कुठे किती ते ग्रेडियंट सांगतो (म्हणजे प्रत्येक नॉब जरा हलवला तर उत्तर किती बदलतं तो उतार). म्हणजे हवं ते स्टेशन नाही, मोजलेलं स्टेशन.

आता एकेक हलवून बघायचा हिशोब. एक रन १ तासाची धरा, लाख नॉबना लाख तास, ११ वर्षांच्या वर. सगळ्या एकदम चालवा म्हणाल तर एकेका रनलाच शेकडो कोअर लागतात. आणि हलवायचं किती? जास्त हलवलं तर बर्फाचं वागणं सरळ रेषेतलं नसल्याने उतार चुकतो, फार कमी हलवलं तर कॉम्प्युटरचे १५-१६ अंक वजाबाकीतच संपतात, हातात कचरा. त्यापेक्षा कोडमधली प्रत्येक बेरीज-गुणाकार क्रमाने एका यादीत, म्हणजे 'टेप'वर, नोंदवायची आणि उत्तरापासून उलट्या पावली मागे यायचं. खर्च एका रनच्या काही पट, मग नॉब १० असोत की १० लाख. टेप मात्र मेमरी खाते, म्हणून मध्ये मध्ये चेकपॉइंट, म्हणजे तेवढीच स्थिती साठवायची आणि मधलं लागेल तेव्हा पुन्हा चालवायचं.

आणि "कोअर वाढवले की झालं" हे तर साफ उलटं, खरी डोकेदुखी तिथूनच सुरू होते. बर्फाची चादर तुकडे करून प्रोसेसना (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रतींना) वाटलेली असते. सरळ जाताना ३ नंबरची प्रोसेस सीमेवरचा वेग ४ नंबरला पाठवते, उलट येताना ४ ने ३ ला पाठवायचं, म्हणजे जिथे सेन्ड होता तिथे रिसीव्ह, आणि आलेला आकडा जुन्यावर लिहायचा नाही, त्यात मिळवायचा. इथे मिळवण्याऐवजी लिहिलं गेलं तर प्रोग्रॅम क्रॅश वगैरे काही होत नाही, नकाशाही छान दिसतो, फक्त तुकड्यांच्या शिवणीवर ग्रेडियंट खोटा! ही टेप बनवणाऱ्या नुसत्या ॲडॉल-सी या सॉफ्टवेअरला हे निरोप उलटे फिरवता येत नाहीत, म्हणून नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या आयएसएसएम या बर्फाच्या मॉडेलमध्ये सोबत निरोप उलटे फिरवणारी ॲडजॉइनेबल एमपीआय ही लायब्ररी जोडावी लागली. मोठी समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर तर टेपवर घेतच नाहीत, येताना मॅट्रिक्स आडवी-उभी उलटवून पुन्हा सोडवतात.

पण एक आहे, हा ग्रेडियंट आत्ताच्या स्थितीपुरता. अंटार्क्टिकातल्या थ्वेट्ससारखी हिमनदी एकदम मागे सरकायला लागली तर तो पुढचं सांगेलच असं नाही.

राहिला समुद्र. बर्फ वितळला की त्याचं गुरुत्वाकर्षण कमी होतं, जवळचं पाणी उतरतं, लांबचं चढतं, सारखं कुठून येणार? २०१७ मध्ये आयएसएसएम वापरूनच २९३ बंदरांसाठी काढलंय: लंडनला ग्रीनलंडचा वायव्य भाग भारी पडतो, न्यूयॉर्कला उत्तर आणि पूर्व. आणि तेही याच उलट्या ग्रेडियंटने.